अठरा नंबरची तार

ती झोपल्यावर माप घेतलं,
तिच्याच विडीच्या दोऱ्यानं.
डाव्या अनामिकेच्या मुळाशी एक वेढा,
आणि दातानं तोडला.
पत्र्याखाली मे महिना रात्रीही उतरत नव्हता,
पंखा तीच हवा ढवळत होता.
दोरा काडेपेटीत घालून
मी चोरासारखा पडून राहिलो.

माझे दोन माग गेले त्याला वर्ष झालं.
किलोवर गेले.
काट्यावर चढवताना हमाल म्हणाला,
"जड हाय की बे!"
तीस वर्षं मला ते जड वाटले नव्हते.
एक लाकडी कांडी तेवढी खिशात राहिली,
आणि हातांची खोड:
झोपेतसुद्धा तुटलेलं टोक शोधायची.

सराफ कट्ट्यामागच्या बोळात
वेदपाठकांचं दुकान, दाराएवढंच.
"मल्लेशम, अठरा नंबरची घे," म्हणाले,
"नंबर वाढला की बारीक होते."
म्हटलं, सुतासारखंच की.
ते हसले. वीतभर तार तोलली,
माझ्या हातात चिमटा दिला
आणि स्वतः वर्तमानपत्र उघडून बसले.

बागेसरीवर तार धरली.
"लाल नको. गुलाबी झाली की काढ.
उजेडात रंग कळत नाही, दार लोट."
दार लोटलं.
अंधारात ती आधी काहीच नव्हती,
मग दिसली.
पाण्यात चुर्र झालं,
आणि चांदी इतकी मऊ आली
की ओल्या सुतळीसारखी बोटावरून ओघळली.

कांडी एका टोकाला निमुळती असते.
दोरा जिथं नेमका बसला
तिथं पेन्सिलची रेघ ओढली.
तार दोनदा गुंडाळली.
टोकं एकमेकांत घातली, ओढली,
हात आपोआप चालले:
वीव्हरची गाठ.

चादरीत गाठ लागली की माल दुय्यम.
तपासनीस डोळे मिटून हात फिरवायचा,
थांबला की आमचे पैसे कापले.
इथं मात्र गाठ वर ठेवली,
बघणाऱ्याला आधी तीच दिसावी अशी.
कानशीनं टोकं मारली,
रिठ्याच्या पाण्यात जुन्या ब्रशनं घासली,
सदऱ्याला पुसली, परत पुसली.

बालामणीनं ती घातली.
पेरापाशी अडली.
साबण लावला. खोबरेल लावलं.
बोट लाल झालं, अंगठी तिथंच.
"पिच्चोडा," ती म्हणाली, वेडा कुठला,
"मूळ मोजलंस. पेर कोण मोजणार?"
आणि हात उताणा करून दाखवला:
रोजच्या हजार विड्या
त्या एका सांध्यात येऊन बसलेल्या.
मी शेजारीच झोपत होतो की इतकी वर्षं.

वेदपाठक हसले नाहीत.
चष्मा वर करून म्हणाले, "गाठ सोड."
सुताची गाठ मी कधी सोडत नसे, कापत असे.
ही सोडली. दुपार गेली.
तार परत तापवली, परत गुलाबी झाली,
परत कांडीवर चढली, रेघेच्या थोडी वर,
आणि या वेळी टोकं जोडली नाहीत.
नुसती एकमेकांशेजारून जाऊ दिली,
बोळात दोघं समोरासमोर आले
की अंग चोरून जातात तशी.

आता ती पेराला उघडते, मुळाशी मिटते.
सूप मांडीवर आलं की
बालामणी ती काढून कात्रीच्या दांड्यात अडकवते.
विड्या देऊन आली, चाळीस छाट निघाल्या,
चेकरला दोन शिव्या घातल्या तेलुगूत,
उंबऱ्यावर टेकली, अंगठी चढवली.
चांदी तंबाखूनं काळवंडतेय.
घासून देतो म्हटलं, तर नको म्हणाली.

गाठ होती तिथं तारेत एक वाक राहिलाय,
कितीही ठोकला तरी गेला नाही.
तिचा अंगठा फिरत फिरत
तिथं येऊन थांबतो.

किती पडले, हे तिनं अजून विचारलेलं नाही.
विचारेल.
मी आकडा कमी करून ठेवलाय.